वाट सर्वांना सारखी

मुलांनो,

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात इंटरनेटविषयी बोलणे चालले होते. एका कंपनीची फुकट इंटरनेटची योजना आपल्या देशात बंद पडली, हे मी सांगत होतो. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, कंपनी फुकट देत होती, तर नको का म्हटले? गरिबाला फुकट मिळाले तर कोणाचे काय बिघडते?"

वर्ग एकदम शांत झाला. प्रश्न खरा होता. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी एकच मोबाइल होता. त्याचे रिचार्ज संपले, की वडिलांच्या हाती पैसे येईपर्यंत थांबावे लागे. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि तासाची घंटा झाली. ते उत्तर अपुरेच राहिले. आज ते पुरे करतो. तुम्हाला पटले तर घ्या. पटले नाही तर कारण देऊन नाकारा.

आधी एक जुनी गोष्ट पाहू. तुमच्या आजोबांच्या काळी निरोप पत्राने जात असे. आपल्या देशात पूर्वी पत्राचा खर्च अंतरावर ठरत असे. गाव जितके दूर, तितके पैसे जास्त. 1 ऑक्टोबर 1854 पासून हे बदलले. देशभर चालणारी टपाल तिकिटे आली आणि दर पत्राच्या वजनावर ठरू लागला. दूरच्या गावच्या माणसालाही जवळच्या माणसाएवढाच दर पडू लागला. यातली महत्त्वाची बाब अशी, की पोस्टाने पत्राचे वजन पाहिले, पत्रातला मजकूर पाहिला नाही. पत्र सावकाराचे आहे की मजुराचे, उर्दूत आहे की मराठीत, याच्याशी पोस्टमनला काही कर्तव्य नव्हते. पत्ता वाचायचा आणि पत्र पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम.

कोणी म्हणेल, पोस्टाने वृत्तपत्रांना कमी दर लावला होता, त्याचे काय? खरे आहे. पण ती सवलत नोंदणी केलेल्या प्रत्येक वृत्तपत्राला होती. एका मालकाच्या पत्राला सवलत आणि दुसऱ्याच्या पत्राला पूर्ण दर, असा भेद तिच्यात नव्हता. हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता दुसरी गोष्ट. अमेरिकेत कॅन्सस सिटी नावाचे शहर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑल्मन स्ट्रोजर नावाचा एक माणूस राहत असे. अंत्यविधीची व्यवस्था करून देणे हा त्याचा धंदा होता. त्या काळी फोन करणारा आधी टेलिफोन कचेरीतल्या माणसाशी बोलत असे. तेथे बसलेली बाई हाताने तारा जोडून देत असे. सांगतात, की स्ट्रोजरला एक संशय आला. कचेरीतली बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरची होती. लोक स्ट्रोजरला फोन करत, पण ती तार दुसरीकडेच जोडून देते, असे त्याला वाटू लागले. गिऱ्हाईक येईना, धंदा बसू लागला. तेव्हा त्याने डोके चालवले. मधल्या माणसाशिवाय आपोआप तार जोडणारे यंत्र त्याने तयार केले. 1891 मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे कितीतरी देशांतील टेलिफोन कचेऱ्यांत त्याच्या पद्धतीची यंत्रे बसली.

स्ट्रोजरचा संशय खरा होता की खोटा, हे बाजूला ठेवू. त्याला कळलेली बाब मोठी आहे. दोन माणसांच्या मध्ये जो उभा असतो, त्याच्या हातात मोठी ताकद असते. तो निरोप पोहोचवू शकतो, अडवू शकतो, उशिरा देऊ शकतो किंवा भलत्याच्याच दारी नेऊ शकतो. आणि निरोप पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इंटरनेटवरही असा एक मधला आहे. तुम्ही मोबाइलवर एखादे चित्र मागवता, तेव्हा ते अखंड येत नाही. त्याचे अनेक लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर तो कोठून निघाला आणि कोठे जायचा, याचा पत्ता असतो. हे तुकडे तुमच्या मोबाइल कंपनीच्या यंत्रांतून येतात आणि तुमच्या फोनमध्ये पुन्हा जुळतात. कंपनीच्या यंत्राला पत्ता तर वाचावाच लागतो. मग कंपनीने मनात आणले तर काय होईल? अमक्या ठिकाणाहून आलेले तुकडे वेगाने सोडायचे, तमक्या ठिकाणचे रेंगाळत सोडायचे, याला पैसे लावायचे, त्याला लावायचे नाहीत, हे सारे तिला करता येते.

तिने तसे करू नये, सर्वांचे तुकडे सारख्या न्यायाने पोहोचवावेत, या तत्त्वाला इंटरनेटची तटस्थता म्हणतात. वर्तमानपत्रांत तुम्ही 'नेट न्यूट्रॅलिटी' हे नाव वाचले असेल. टिम वू या कायद्याच्या अमेरिकन प्राध्यापकांनी 2003 साली हे नाव रूढ केले. 'तटस्थ' हा शब्दही समजून घ्या. तट म्हणजे काठ. जो काठावर उभा राहतो, कोणाच्या बाजूने पाण्यात उतरत नाही, तो तटस्थ. उर्दूत आपण त्यालाच गैरजानिबदार म्हणतो.

आता आपल्या देशात काय घडले ते पाहू. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेल कंपनीने जाहीर केले, की इंटरनेटवरून बोलायचे असेल तर वेगळे पैसे पडतील. लोक रागावले आणि काही दिवसांतच कंपनीने तो विचार मागे घेतला. आपल्या देशात फोन कंपन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी 1997 पासून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण आहे. त्याला थोडक्यात 'ट्राय' म्हणतात. मार्च 2015 मध्ये ट्रायने लोकांचे मत मागवले. त्यासाठी काढलेला कागद 118 पानांचा होता आणि त्यात 20 प्रश्न होते. एवढे कोण वाचणार? पण काही वकील, इंजिनिअर आणि तरुण स्वयंसेवक पुढे आले. त्यांनी सोप्या भाषेत प्रश्न समजावून दिले आणि उत्तरांचा नमुना तयार केला. पाहता पाहता ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपनीच्या मदतीने भारतात एक योजना आणली होती. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. तिच्यात निवडक संकेतस्थळे फुकट पाहता येत. बातम्या, हवामान, नोकऱ्या, आरोग्य, विकिपीडिया आणि अर्थातच फेसबुक. बाकीचे इंटरनेट पाहायचे तर पैसे. सुरुवात सहा राज्यांत झाली. त्यांत आपला महाराष्ट्र होता. सेवा इंग्रजीत आणि सहा भारतीय भाषांत होती. हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, गुजराती आणि मराठी.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. काय नाही तिच्यात? उर्दू नाही. महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन राज्ये या योजनेत होती. दोन्हींकडे उर्दू शाळा आहेत, उर्दू वर्तमानपत्रे आहेत. तरीही पहिल्या यादीत उर्दू नव्हती. यात कोणाचा वाईट हेतू होता, असे मी म्हणत नाही. पुढे कदाचित उर्दूही आली असती. माझे म्हणणे एवढेच, की आपली भाषा केव्हा येणार, हे ठरवणे आपल्या हातात नव्हते. दाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. आज यादीत मराठी आहे म्हणून मराठी माणसानेही निश्चिंत राहू नये. ज्याने नाव घातले, तो उद्या काढूही शकतो.

उलट मोकळ्या इंटरनेटवर काय झाले ते पाहा. मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला, उर्दू विकिपीडिया 2004 साली. कोणत्याही फोन कंपनीकडे अर्ज करावा लागला नाही. लोकांनी लिहायला घेतले आणि लेख जमत गेले. लहान भाषेला, लहान दुकानदाराला, खेड्यातल्या एखाद्या हुशार मुलीला मोकळी वाट एवढाच आधार असतो. मोठ्यांना वाट विकत घेता येते. लहानांना ती मोकळीच मिळावी लागते. नाहीतर 'बळी तो कान पिळी' हा न्याय सुरू होतो.

डिसेंबर 2015 मध्ये ट्रायने पुन्हा मत मागवले. या वेळी चारच प्रश्न होते. वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत का, हा मुख्य प्रश्न. फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. फेसबुक वापरणाऱ्यांच्या पडद्यावर एक निरोप येऊ लागला. बटण दाबले, की 'आम्हाला फ्री बेसिक्स हवे' असा तयार ई-मेल ट्रायकडे जाई.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी त्या सुमारास बी.एड. करत होतो. तो निरोप माझ्याही फोनवर आला. गरिबांसाठी काहीतरी चांगले चालले आहे, असे वाटले आणि मी बटण दाबले. खालचे वाचलेसुद्धा नाही. चूक माझीच होती. वर्गात प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा, असे मुलांना शिकवण्याची तयारी करणारा मी, स्वतः मात्र प्रश्न न वाचता उत्तर पाठवून मोकळा झालो.

पुढे कळले, की माझ्यासारखे लाखो होते. ट्रायने जानेवारी 2016 मध्ये फेसबुकला लिहिले, की या तयार ई-मेलांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत. परीक्षेत तुम्ही पाण्याच्या प्रदूषणावरच्या प्रश्नाला 'मला पाणी आवडते' असे उत्तर लिहिले, तर गुण मिळतील का? तसेच ते झाले. आदल्या वर्षी स्वयंसेवकांनीही तयार उत्तरे दिली होती, हे खरे. पण ती निदान विचारलेल्या वीस प्रश्नांची उत्तरे होती.

8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम जाहीर केला. संकेतस्थळ पाहून किंवा मजकूर पाहून इंटरनेटचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला 50 हजार रुपये दंड, जास्तीत जास्त 50 लाख रुपये. फक्त संकटाच्या वेळी, लोकांच्या मदतीसाठी, दर कमी करता येतील आणि तेही ट्रायला कळवून. काही दिवसांतच फ्री बेसिक्स भारतातून बंद झाले. जुलै 2018 मध्ये सरकारने याहून पुढचे पाऊल टाकले. कोणाची वाट अडवायची नाही, कोणाची मंद करायची नाही आणि कोणाला मुद्दाम पुढे काढायचे नाही, हे तत्त्व त्याने मान्य केले. दूर बसून शस्त्रक्रिया करणे यासारख्या खास सेवांना त्यातून सूट ठेवली. हे योग्यच झाले. रस्ता सर्वांचा असला, तरी रुग्णवाहिका आली की आपण बाजूला होतोच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. फुकट मिळाले तर काय बिघडते?

तिची बाजू कमकुवत नाही. फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीही तेव्हा आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहून तशीच बाजू मांडली होती. ग्रंथालयात जगातली सगळी पुस्तके नसतात, तरी ग्रंथालय उपयोगाचे असते, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला बरोबर वाटते. पण विचार करा. शाळेच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके ठेवायची, हे शिक्षक ठरवतात. शिक्षक स्वतः पुस्तकांचे दुकान चालवत नाहीत. एखाद्या दुकानदाराने शाळेत कपाट ठेवले, त्याचा दरवाजा कसा उघडायचा हे नियम स्वतः केले आणि स्वतःचे पुस्तक पहिल्या फळीवर मांडले, तर त्या कपाटाला आपण ग्रंथालय म्हणणार का?

विकिपीडियाचे उदाहरण तर आणखी अवघड आहे. त्याच्या संस्थेने 2012 पासून काही देशांत आपले ज्ञानकोश मोबाइलवर फुकट मिळतील अशी योजना चालवली. हेतू चांगला, जाहिरात नाही, नफा नाही. तरीही तत्त्वाचा प्रश्न उरतोच. आज चांगल्या माणसासाठी दार वेगळे केले, तर उद्या त्याच दारातून दुसरा कोणी येईल, त्याला काय म्हणून अडवायचे? 2018 मध्ये ती योजना संस्थेने स्वतःच बंद केली.

शिवाय एक बाब अशी, की ज्याने आयुष्यात प्रथमच इंटरनेट पाहिले, त्याला कुंपणाबाहेर काय आहे हे कसे कळणार? विहिरीतल्या बेडकाला विहीर म्हणजेच समुद्र वाटतो. गरिबाला थोडे इंटरनेट पुरे, असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या मुलाला तेवढ्यावर ठेवले असते का? मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्रीमंताला पूर्ण पुस्तक आणि गरिबाला चार पाने, ही मदत नव्हे.

मग गरिबाने काय करायचे? फुकट नकोच का? नाही, तसे नाही. फुकट द्या, पण वाट न निवडता द्या. सप्टेंबर 2016 मध्ये रिलायन्स जिओ ही नवी कंपनी बाजारात आली. तिने सुरुवातीचे काही महिने ग्राहकांना फुकट डेटा दिला आणि त्या डेटावर हवे ते पाहता येत होते. मग इतर कंपन्यांनाही दर उतरवावे लागले. इंटरनेट स्वस्त होण्यासाठी कुंपणाची गरज नव्हती, हे सर्वांना दिसले. सरकारला किंवा एखाद्या दानशूर संस्थेला गरीब मुलाला रोज थोडा डेटा द्यायचा असेल, तर जरूर द्यावा. त्याने त्यावर काय वाचायचे, ते त्याला ठरवू द्यावे. वृत्तपत्रांची टपाल सवलत आठवते ना? सवलत सर्वांना असली, की ती न्यायाची होते.

अर्थात हा झगडा संपलेला नाही. अमेरिकेत 2015 साली तटस्थतेचा नियम झाला. 2017 मध्ये तो काढून टाकण्याचा निर्णय झाला, 2024 मध्ये पुन्हा आणला गेला आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडेही 2023 मध्ये फोन कंपन्यांनी नवी मागणी पुढे केली. मोठमोठ्या संकेतस्थळांमुळे आमच्या वाहिन्यांवर फार भार पडतो, तेव्हा त्यांनी आम्हाला पैसे द्यावेत, असे त्या म्हणू लागल्या. भार पडतो, हे खोटे नाही. तारा आणि मनोरे उभारायला खर्च येतोच. पण त्या वाहिन्यांचे पैसे आपण रिचार्ज करताना देतो. एकाच टपालासाठी पाठवणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून, दोघांकडूनही पैसे घेतले, तर लहान पाठवणारा पाठवणेच सोडून देईल. म्हणून मला ही मागणी पटत नाही.

मुलांनो, हे सारे कायदे मोठ्या माणसांचे, आपण काय करणार, असे म्हणू नका. दहा लाख ई-मेल पाठवणारे कोणी मंत्री नव्हते. पुढे असे प्रश्न पुन्हा विचारले जातील, तेव्हा तुम्ही मतदार असाल. तोवर एक सवय लावून घ्या. मराठीतला 'मोफत' आणि उर्दूतला 'मुफ्त' हे एकाच घरातले शब्द आहेत. दोन्ही भाषांत हा शब्द दिसला, की थांबा आणि तीन प्रश्न विचारा. पैसे कोण देतो? यादी कोण करतो? यादीत नाही त्याचे काय? 'फुकट रिचार्ज, येथे दाबा' असा निरोप आला, तरी हेच प्रश्न तुम्हाला ठकांपासून वाचवतील. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

मी एकदा न वाचता बटण दाबले. तुम्ही वाचून दाबा. आणि वाचल्यावर तुमचे मत माझ्यापेक्षा वेगळे झाले, तर तेही मला सांगा. त्या मुलीला उत्तर द्यायला मला एक वर्ष लागले. तुमच्या उत्तरासाठी मी थांबेन.

स्वाध्याय

1. 1854 नंतर पत्राच्या दरात कोणता बदल झाला?
2. स्ट्रोजरने यंत्र का तयार केले?
3. 'दाराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती' असे लेखक का म्हणतात?
4. ग्रंथालयाच्या उदाहरणाला लेखकांनी कोणते उत्तर दिले आहे? ते तुम्हाला पटते का? कारण लिहा.
5. 'तटस्थ' आणि 'मोफत' हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.